बेरुमेन उडी

तेंचाच्या घरी त्या रविवारी सगळ्यांच्या हातात काही ना काही होतं. कुणी घडीच्या खुर्च्या आणत होतं, कुणी बर्फ, कुणी फडक्यात गुंडाळलेल्या गरम मक्याच्या पोळ्या. एकटा चानो लिंबाच्या झाडाखाली रिकाम्या हातांनी बसला होता. घर त्याचं, तेंचा त्याची बायको, लिंबाचं झाडही त्याच्याच अंगणातलं. पण तेंचाच्या माहेरच्या, बेरुमेनांच्या, कुठल्याही समारंभात चानोच्या हाती काही द्यायचं नाही, हा नियम अठ्ठावन्न सालापासून चालत आला होता. नव्या सुनांना तो पहिल्याच दिवशी सांगितला जाई. चानोने स्वतःच्या सूपाचा वाडगा उचलला तरी लहान मुलं श्वास रोखून बघत.

कारण सगळ्यांना पाठ होतं. अठ्ठावन्नच्या ऑगस्टमध्ये 'द ब्रोकेड फाइव्ह'ची एकुलती एक रेकॉर्ड छापून आली. गाणारे चौघेच होते. नावात पाच आले ते कोटांमुळे. दुकानदार भरजरी कोट पाचाच्या संचाशिवाय द्यायला तयार नव्हता, आणि तेंचाच्या भावांतल्या थोरल्या कुकोला पाचवा कोट वाया गेलेला बघवेना, म्हणून त्याने नाव बदललं. तीनशे रेकॉर्डींची खोकी कारखान्यातून चानोने आपल्या शेवरलेटमधून आणली. तेव्हा तो तेंचाचा नुसता होणारा नवरा होता. टायरच्या कारखान्यात त्याच्या दुहेरी पाळ्या चालू होत्या. खोकी तीन दिवस गाडीतच राहिली. लॉस एंजेलिसचं ऑगस्टचं ऊन. मग जी रेकॉर्ड लावावी तिच्यावर सुई एकाच जागी उडायची. कुकोने निकाल दिला: चानोने रेकॉर्डी उन्हात भाजल्या.

चौघांपैकी दोघे गाणारे आता कॅल्व्हरी दफनभूमीच्या टेकडीवर मातीखाली होते. उरले होते खर्जातला कुको आणि त्याचा धाकटा भाऊ, सगळ्यांत वरच्या पट्टीतला एलादियो.

एलादियो त्या घडीला स्वयंपाकघराच्या दाराशी, कोथिंबिरीची वाटी धरून उभा होता. वय साठ. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारून निवृत्त झालेला, कुणी हाक मारली तर आधी मागे वळून दुसरं कुणी आहे का बघणारा माणूस. त्याच्या दोन खोडी घरात प्रसिद्ध होत्या. तो इतका हळू बोले की त्याचं वाक्य पुढच्या खोलीत पोहोचायच्या आत विषय बदललेला असे. आणि कितीही गारठा पडला तरी तो स्वेटर घालत नसे.

या दोन्ही गोष्टींचं आणि चानोच्या रिकाम्या हातांचं मूळ एकच होतं, हे एकेचाळीस वर्षं फक्त त्यालाच माहीत होतं. रेकॉर्डींना ऊन लागलं नव्हतं. त्यांना खिळा लागला होता, आणि तो खिळा एलादियोच्या हातात होता.

आणि आज नाओमी नाकाशिमा नावाची बाई येणार होती. जुन्या गाण्यांच्या रेकॉर्डी पुन्हा काढणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती काम करायची. तिने फोनवर कुकोला सांगितलं होतं, "अभिनंदन करा माझं. न उडणारी एक प्रत सापडलीय."

तेव्हापासून एलादियोला झोप नव्हती.

"मामा, ती वाटी देताय की तिच्यात झाड लावताय?" कुणीतरी भाची ओरडली. त्याने वाटी दिली. तेवढ्यात फाटक वाजलं.

नाओमी चाळिशीची, आखूड केसांची, अत्यंत गंभीर बाई होती. ती याच भागात, दोन गल्ल्यांपलीकडे वाढलेली; तेंचाने तिला ओळखलंच. "फुलवाल्या नाकाशिमांची ना तू? तुझ्या आजीने माझ्या लग्नाला गुलछडी दिली होती. बस. आधी जेव."

"आधी ऐकू या का?" नाओमी म्हणाली.

"आधी जेव," तेंचा म्हणाली, आणि पोसोलेचा, मका घातलेल्या मटणाच्या सूपाचा, वाडगा तिच्यापुढे आला.

एलादियोला एवढीच संधी होती. तो तिच्या बाजूला जाऊन बसला. "बाई," तो म्हणाला, "ती प्रत... ती हरवू शकते का?"

"काय म्हणालात?"

"म्हणजे, अशा गोष्टी हरवतात. टपालात वगैरे."

"माझ्या गाडीत आहे ती. पुठ्ठ्यात, फोममध्ये." नाओमीने मुळ्याची चकती तोंडात टाकली. "तुमचा आवाज काय आहे हो त्यात! बाकीच्या प्रतींमध्ये तुमची सगळ्यांत चांगली जागा नेमकी उडालेली. वाईट वाटायचं मला."

एलादियोने मान खाली घातली. स्तुती आणि भीती एकदम आली की त्याला उचकी लागत असे. ती लागली.

मदत आली ती अनपेक्षित दिशेने. कुकोने हात पुसले, सहीसाठी ठेवलेला कराराचा कागद दूर सारला आणि खर्जात म्हणाला, "एक गोष्ट आधीच बोलून घेतो. उडी राहिली पाहिजे."

"कुठली उडी?" नाओमीने विचारलं.

 कुठली उडी, असं या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"दाखवा रे तिला," कुको म्हणाला.

धाकट्या सुनेने खिडकीतून घरातली रेकॉर्ड लावली. 'एकट्याचा चंद्र'. शू-वा, शू-वा. बेरुमेन जिथे होते तिथे उठले. तीन पिढ्या, जोडीजोडीने, हळू नाचू लागल्या. एलादियोचा एकोणीस वर्षांचा आवाज खिडकीतून वर चढत गेला: *या जगात माझी काळजी* — खट् — *शू-वा*. आणि त्या खट् बरोबर अंगणातले सव्वीस लोक एकदम हवेत उडाले. पंच्याहत्तरीची मावशी काठीसकट उडाली. मांडीवरचं तान्हं आईसकट उडालं. सगळे एकदम खाली आले, टेबलावरचे वाडगे हिंदकळले, आणि नाच पुढे चालू झाला. चानो बसल्या जागी उडाला.

"लग्न, बारसं, पोरीचा पंधरावा वाढदिवस," कुको धापा टाकत म्हणाला. "उडी नाही तर समारंभ नाही. माझी पोटची पोरं याच उडीवर चालायला शिकलीत. तुमच्या त्या स्वच्छ प्रतीत आम्ही उडायचं कुठे?"

"बरोबर आहे!" एलादियो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं. लोक वळून बघू लागले. "दादाचं बरोबर आहे. ओरखडा हवाच. आपला वारसा आहे तो."

"बघा," कुको म्हणाला, "मुका बोलला."

तेंचा मात्र पदर खोचून उभी राहावी तशी ॲप्रन खोचून उभी राहिली. "वारसा कसला डोंबलाचा! माझ्या नवऱ्याच्या कपाळावरचा डाग आहे तो. एकेचाळीस वर्षं ह्या माणसाने माझ्याच घरात खुर्ची उचललेली नाही. स्वच्छ प्रत निघू दे जगात, म्हणजे निदान उडी तरी विसराल."

"ताई, त्याने भाजल्या म्हणूनच उडी आली ना? म्हणजे एका अर्थी श्रेय त्याचंच."

"श्रेय! मग केक का नाही उचलू देत त्याला?"

"श्रेय वेगळं, केक वेगळा."

बायका तेंचाकडे सरकल्या, पुरुष कुकोकडे. एलादियो कुकोच्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि चानोची नजर चुकवू लागला.  चानो लिंबाच्या बुंध्याशी पायाने माती उकरत होता. तिथून दर पावसाळ्यानंतर काळे चकचकीत तुकडे वर यायचे. तेंचाला वाटायचं जुन्या फरशीचे असतील.

"कुणाला अडचण नसेल तर मी उडीवाली प्रत वापरते," नाओमी शांतपणे म्हणाली. "माझ्याकडे अकरा आहेत."

एलादियोचा जीव भांड्यात पडला. तो एवढ्या जोरात पडला की पाठोपाठ दुसरी उचकी आली.

"फक्त पुस्तिकेत ऊन लिहिता येणार नाही," नाओमी पुढे म्हणाली.

"का?" कुकोने विचारलं.

तिने कापडी हातमोजे चढवले आणि पिशवीतून अकरा रेकॉर्डी काढून टेबलावर ओळीने मांडल्या. "उन्हाने रेकॉर्ड वाकली तर तिच्या कडा शिळ्या पोळीसारख्या वर येतात. या बघा, सपाट. आणि हा ओरखडा बघा. अकराही प्रतींवर तोच, त्याच जागी, त्याच तिरक्या कोनात. हा खिळ्याने केलाय. कुणीतरी पट्टी लावून, मोजून केलाय. सरळ केला असता तर सुई अडकून तेच तेच वाजलं असतं. हिला पुढे उडवायचं म्हणजे हात बसावा लागतो." ती थोडी थांबली. "खरं सांगू? फार सुबक काम आहे."

एलादियोचे कान लाल झाले. पहिल्या बारा प्रती बिघडल्या होत्या. त्या त्याने याच लिंबाखाली पुरल्या; तेव्हा हे घर आईचं होतं. तेराव्यापासून हात बसला. हे आजवर कुणालाच सांगता आलं नव्हतं, आणि आता एका जाणकार माणसाने ते ओळखलं होतं. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याला अभिमान वाटला.

मग त्याने पाहिलं, की सगळं घर चानोकडे बघतंय.

"खिळा," कुको म्हणाला. त्याचा खर्ज आणखी खाली गेला. "चानो. एकेचाळीस वर्षं आम्ही तुला वेंधळा समजत होतो."

"कुको, मी..." चानो म्हणाला.

"तीन दिवस खोकी कुणाच्या गाडीत होती?"

"माझ्या. पण मी कारखान्यात होतो."

"कारखान्यात खिळे असतातच!" एक पुतण्या म्हणाला.

"टायरच्या कारखान्यात खिळे?" तेंचा कडाडली. "अरे, टायरच्या कारखान्यात खिळा दिसला तर माणसाला हाकलतात!"

पण तिच्याच बाजूच्या बायका आता दोन पावलं मागे सरकल्या होत्या. वेंधळेपणाला माफी असते; पट्टी लावून केलेल्या कामाला नसते. "हेवा वाटला असेल," मावशी म्हणाली. "पाचवा कोट ह्याला हवा होता, मला आठवतंय." "बाई गं," कुणीतरी म्हणालं, "आणि आपण ह्याच्या हातचं पाणी प्यायलो!" "कधी?" "हो, तेही खरंच, प्यायलो नाही."

चानो उठून उभा राहिला होता. सत्तरीला टेकलेला धिप्पाड माणूस, हात दोन्ही बाजूंना लोंबत. त्या हातांचं काय करायचं हे त्याला कधीच कळलेलं नव्हतं. त्याने तेंचाकडे पाहिलं. आणि एलादियोला दिसलं, की तेंचा उत्तर द्यायला क्षणभर उशीर करतेय. तेवढा एक क्षण त्याला सहन झाला नाही.

"मी," एलादियो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही.

"दाजींनी नाही. मी केलं."

"एलादियो, मध्ये उभा राहू नकोस, बाजूला हो," कुको म्हणाला. "तर चानो, तू आता..."

"मी केलं!" त्याने जोर लावला; पण जोर लावला की त्याचा आवाज मोठा होत नसे, नुसता वर जात असे. तो वर गेला. आणखी वर गेला. एकेचाळीस वर्षं न गायलेल्या त्या पट्टीत जाऊन पोहोचला, आणि बेरुमेनांच्या अंगणावर, कोळशाच्या धुरावर, शेजारच्या कुत्र्यांच्या भुंकण्यावर तो स्वच्छ, उंच, थरथरता सूर निघाला: "मी-ई-ई-ई!"

सगळे गप्प झाले. शेजारची कुत्रीही गप्प झाली.

"देवा," नाओमी म्हणाली, "अजून आहे तो आवाज."

मग एलादियोने सगळं सांगितलं, आणि ते नेहमीच्या आवाजात सांगितल्याने सव्वीस माणसांना त्याच्याभोवती कोंडाळं करून, माना पुढे काढून ऐकावं लागलं. ध्वनिमुद्रण एका माणसाच्या गॅरेजमध्ये झालं होतं. पहिल्यांदा गाताना मध्येच आई आत शिरली होती. म्हणून गाणं दुसऱ्यांदा म्हटलं होतं. हे कुकोलाही आठवत होतं. पण त्या माणसाने छापायला पहिलंच पाठवलं. खोकी आली तेव्हा एलादियोने एक रेकॉर्ड काढून एकट्याने ऐकली. शेवरलेटची किल्ली खुंटीवर असायची. तीन दुपारी, पट्टी, खिळा. ऊन लागलं असं तो कधी म्हणाला नव्हता. कुको म्हणाला तेव्हा त्याने फक्त मान हलवली होती.

"म्हणजे आई," तेंचा हळूच म्हणाली, "आई खरंच रेकॉर्डवर होती?"

हा घरातला दुसरा जुना विनोद होता. क्लेओफास बेरुमेन मरेपर्यंत म्हणत राहिली, मी पोरांच्या रेकॉर्डवर आहे. आणि मरेपर्यंत सगळे हसत राहिले. नातवंडं तिला विचारायची, आजी, तू कुठला सूर गायलीस गं? ती म्हणायची, वरचा.

नाओमी गाडीकडे गेली आणि पुठ्ठ्याचं चपटं खोकं घेऊन आली. सगळे बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने जमले. चानो दारात उभा राहिला. सुई टेकली.

शू-वा, शू-वा. एकोणीस वर्षांचा एलादियो, जगाने टाकलेला, चंद्राखाली उभा: *या जगात माझी काळजी करणारं कुणीच नाही-ई-ई...*

दार करकरलं. आणि भरड्या, घाईच्या, स्वयंपाकाच्या वासाच्या आवाजात: "एलादियो! स्वेटर घाल! घसा बसेल!"

शू-वा.

पंचवीस वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता. खोलीतले अर्धे लोक सवयीने उडायला गुडघे वाकवून बसले होते. ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले. कुको रडत होता की हसत होता हे कळत नव्हतं, दोन्ही खर्जातच होतं.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला. "गाढवा, एवढ्यासाठी?"

"मी एकोणीस वर्षांचा होतो, दादा," एलादियो म्हणाला. "ती रेकॉर्ड मुली ऐकणार होत्या."

"पाकिटात एक चिठ्ठी होती," नाओमी म्हणाली. "ही प्रत टूसॉनहून आली, कुणा एउफ्रासिया नावाच्या बाईच्या घरातून. खासगी वाटली म्हणून मी वाचली नाही."

तेंचाने चष्मा लावला. एउफ्रासिया आईची बालमैत्रीण. अक्षर आईचं, ओळी वर चढत जाणाऱ्या.

"'एउफ्रासिया,'" तेंचाने वाचलं, "'ही मी पिठाच्या डब्यात लपवलेली एकच चांगली उरलीय. ऐक, मी किती छान ऐकू येते. बाकीच्या सगळ्या पोराने खिळ्याने खरडल्या. लिंबाखाली तुकडे बघितले मी. त्याला वाटतं मला ठाऊक नाही. बिचाऱ्या चानोवर आळ आलाय. मी सांगितलं तर पोराला तोंड दाखवायला जागा उरणार नाही, म्हणून मी मुद्दाम चानोच्या हाती काचेची भांडी देते, लोकांना दिसावं म्हणून. एलादियो स्वतःच सांगेल. सांगेल तो. जरा हळू आहे.'"

पंचाचं, म्हणजे फळांच्या सरबताचं, मोठं काचेचं भांडं. ते तेवढं आई हयात असेतो चानोच उचलायचा, सगळे डोळे मिटून घ्यायचे, आणि म्हणायचे, म्हातारीला भीती कशी ती नाही.

एलादियो भिंतीला टेकला.  मग तो दाराकडे गेला. चानोपुढे उभा राहिला. "दाजी," तो म्हणाला. 

 "तीनशे?" चानोने विचारलं.

"दोनशे सत्त्याऐंशी. बारा बिघडल्या. एक पिठाच्या डब्यात."

"पट्टी लावून?"

"हो."

"हं," चानो म्हणाला. मग त्याच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "तेंचा, ही अंगणात लावायचीय ना? सगळ्यांना नाचायला?"

"लावायचीय. पण कोण नेतंय..." तेंचा थांबली.

चानो खोलीत आला. नाओमीने एकवार सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, हातमोजे काढले आणि त्याच्या हाती दिले. ते त्याच्या पंजात शिरेनात. त्याने ते खिशात टाकले, हात शर्टाला पुसले आणि जगातली ती एकुलती एक शाबूत रेकॉर्ड कडांनी धरून उचलली. सव्वीस बेरुमेन भिंतींना चिकटले. तो दारातून बाहेर पडला, पायऱ्यांपाशी आला. तीन पायऱ्या. पहिली. दुसरी.

तिथे तो थांबला. मागे वळून त्याने सगळ्यांकडे पाहिलं, आणि रेकॉर्ड छातीशी धरून, जोड पायांनी उडी मारली.

मावशी किंचाळली. कुकोने डोळ्यांवर हात घेतले. चानो अंगणात धप्पकन उतरला, जरा झुकला, सावरला. रेकॉर्ड हातात जशीच्या तशी.

"चानो!" तेंचा ओरडली. "मारून टाकशील मला!"

"सवय गं," चानो म्हणाला.

नंतर नाओमीने कागद पुढे केला. पुस्तिकेत कुणाकुणाची नावं द्यायची, पाच म्हणता आणि चौघेच कसे, याचा तिला केव्हापासून घोर होता. कुकोने पेन घेतलं, चौघांची नावं लिहिली आणि पाचव्या ओळीत लिहिलं: क्लेओफास बेरुमेन, वरचा सूर. उडीचा प्रश्नही त्यानेच सोडवला: आई बोलली की उडायचं. जागा तीच आहे.

मग जेवणाची पानं मांडायची वेळ झाली. सगळे उठले. चानोने पोसोलेचं मोठं पातेलं उचललं, एकट्याने, आणि कुणी डोळे मिटले नाहीत. एलादियोही लगबगीने उठला. पोळ्यांची टोपली उचलायला त्याने हात पुढे केला, तर एका भाचीने ती अलगद काढून घेतली. त्याने चमचे घ्यायला हात घातला. चमचे कुकोने उचलले.

"एलादियोच्या हातात काही देऊ नका रे," कुको कुणाकडे न बघता म्हणाला. "खिळा तर नाहीच नाही."

एलादियो लिंबाखाली गेला. चानोची खुर्ची रिकामी होती. तिच्यात बसला आणि हात मांडीवर ठेवले. हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. जूनचं ऊन टळटळत होतं. अंगणात रेकॉर्ड फिरत होती, कुणीच काळजी करत नव्हतं, दार करकरलं, आई ओरडली, आणि सगळं घराणं हवेत उडालं.

तेंचा घरातून येताना दिसली. तिच्या हातात कपाटाच्या तळातून काढलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा, तपकिरी लोकरीचा स्वेटर होता. तिने तो त्याच्यापुढे धरला. मग नियम आठवून तिने हात मागे घेतला.

"हातात नको," ती म्हणाली. "हात वर कर."

त्याने लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले, आणि तिने त्या उन्हात तो स्वेटर त्याच्या डोक्यावरून खाली ओढला.